बाबांची मनालीतली दुपार

मे महिन्यात कुठं जायचं हे आमच्या घरी मीच ठरवतो, अन् हवामान पाहूनच ठरवतो. आठ दिवस मोबाईलवर अख्ख्या देशाचं तापमान पाह्यलं. राजस्थान बाद, केरळात घाम, मनाली अठरा! अकोल्याच्या पंचेचाळीस डिग्रीतून बाबाले घेऊन थेट मनाली गाठली.

पहिल्याच दिवशी अकरा वाजता बाबानं खोलीच्या खिडक्या लावल्या, पडदे ओढले.

"चार वाजेपर्यंत कोनी बाहीर पडायचं नाही. ऊन लागते."

"बाबा, मले थंडी वाजून राहिली!"

"गप झोप."

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दुपारी हॉटेलवाला काळजीनं आला. "बाबूजी, बाहर बैठिए. लोग दूर-दूर से यहाँ धूप सेंकने आते हैं."

बाबा ताडकन उठून बसले अन् मले म्हणाले, "याले आपल्या घरचा पत्ता दे."