सुनेचा साक्षीदार

हसायचं असेल तर हसा, पण इथे परदेशात आमदारांनी मत दिलं ते माझं बोलणं ऐकून.

माझी सून नेहा समुपदेशक आहे. लोक आपली दुःखं सांगतात, ती ऐकते. त्यालाही इथे सरकारी परवाना लागतो. परवाना देणाऱ्या मंडळाची मुदत संपत आली होती. आमदारांनी ती वाढवली नाही तर मंडळ बंद, मग कोणीही उठून पाटी लावणार आणि नेहाचं शिक्षण पाण्यात.

सुनावणीला ती मला घेऊन गेली. एक धिप्पाड आमदार म्हणाला, "सल्ला द्यायला परवाना कशाला? चार पावसाळे पाहिलेला कोणीही देईल." नेहाने मला मराठीत सांगितलं. माणूस मला पटला. मी चौथी शिकलोय आणि जन्मभर सल्ले देतोय.

नेहा त्याला म्हणाली, "हे माझे सासरे. विचारा काहीही."

तो हसत म्हणाला, "बायको सोडून गेल्यापासून मला झोप लागत नाही. काय करू?"

मी म्हणालो, "नेहा, त्याला विचार, ती गेल्यापासून तिला झोप लागते का?"

पोरीने एकही शब्द न गाळता इंग्रजीत विचारलं. आमदार कानापर्यंत लाल झाला.

मुदत वाढली. सगळ्यात आधी त्याचाच हात वर.

गाडीत मी म्हणालो, "मला बिनपरवान्याच्या सल्ल्याचा नमुना म्हणून नेलंस होय? आधी सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तुम्ही विचार करून बोलला असतात, बाबा. मग मंडळ गेलंच होतं."