कॅसेटमधलं हसू

जुन्या विनोदी पिक्चरचा विषय काढलात म्हणून सांगतो. मोरिवलीत आमच्याकडे नवा टीव्ही आला, तेव्हा एक लागला होता. दादाने टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून सगळ्यांना दम दिला, "रेकॉर्डिंग चालू आहे, कोणी आवाज करायचा नाही!"

पिक्चरमधला सासरा हौदात पडला आणि कंपनीतून दमून आलेले आमचे बाबा खो-खो हसत सुटले.

"सगळी कॅसेट बेकार केलीत, बाबा!" दादा भडकला.

आई मात्र भाकऱ्या थापताना रोज तीच कॅसेट लावायची.

बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी केबलवर तोच पिक्चर लागला. सासरा हौदात पडला, सीन पुढे गेला. आई एकदम म्हणाली, "यांचं हसू कापलं काय रे केबलवाल्याने?"

त्या दिवशी दादाने न सांगताही कोणी आवाज केला नाही.