पाय सरकव

मामा : ताई, बस की जरा. तुझ्या येरझाऱ्या बघून मलाच गरगरायला लागलंय.

आई : बसू कुठे? अख्ख्या बाकावर तंगड्या पसरून तूच बसलायस. परत सांग, आता आत काय करत असतील?

मामा : किती वेळा सांगू? मणक्यांत स्क्रू बसवायचे. दोन्ही अंगांना सळ्या. त्या सळ्यांच्या आधारानं कणा हळूहळू सरळ आणायचा. मग हाडाचा चुरा भरायचा, म्हणजे पुढे मणके एकमेकांना सांधले जातात.

आई : नळ जोडल्यासारखं सांगू नकोस. माझी पोर आहे ती.

मामा : अगं, डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं तेच सांगतोय.

आई : आणि सरळ करताना नस ताणली गेली तर?

मामा : म्हणून तर नसांवर लक्ष ठेवणारं ते मशीन लावलंय.

आई : सकाळी स्वतःच्या पायांनी चालत आत गेली रे. दारात चपला काढून माझ्या हातात दिल्या. हट्ट माझाच. ती बिचारी म्हणत होती, राहू दे मला वाकडी.

मामा : पाठीचा बाक वाढत चालला होता, ताई. जिना चढताना धाप लागायची तिला. हट्ट कसला त्यात?

आई : थांब. दार उघडलं.

नर्स : मुलीच्या आई तुम्हीच ना? घाबरू नका, आधी ऐका.

आई : घाबरू नका म्हणालात, आता संपलंच.

नर्स : कणा सरळ केल्यावर मशीनवर पायांचे सिग्नल कमी झालेत. कधीकधी मशीनही चुकतं. म्हणून भूल हलकी केलीय. तिला दुखणार नाही, पण सांगितल्यावर तिनं पाय हलवायला हवेत. डॉक्टर नावानं हाका मारतायत, ती दादच देईना. घरी कसं उठवता तिला?

मामा : नावानं? अहो, ते नाव शाळेच्या हजेरीपुरतं. आम्ही भुंगा म्हणतो.

आई : 'बस चुकली' म्हटलं की ताडकन उठते.

नर्स : ताडकन नको हो! पालथी आहे, पाठ उघडी आहे.

आई : नको, नको, ते नको. मलाच येऊ द्या ना आत.

नर्स : तसं नाही येता येत. आठवा लवकर.

मामा : ताई, सुट्टीच्या दिवशी काय करतेस?

आई : सुट्टीला कुठे उठवते मी? चहा घेऊन तिच्या पलंगाच्या पायथ्याशी जाते. बाईसाहेब आडव्यातिडव्या पसरलेल्या. मग म्हणते, 'भुंग्या, पाय सरकव. बसू दे मला.' डोळेसुद्धा उघडत नाही, पण सरकवते.

नर्स : पाय सरकवते?

आई : हो. पण ओरडून नका म्हणू. हळू. रागावल्यासारखं, पण खोटं खोटं.

नर्स : आलेच.

मामा : ताई...

आई : बोलू नकोस.

मामा : बरं.

आई : आणि नाही हलवले तर?

मामा : तर सळ्या सैल करून पुन्हा...

आई : बोलू नकोस म्हटलं ना!

मामा : पाणी घेतेस?

आई : तिच्या चपला कुठे ठेवल्या मी?

मामा : तुझ्याच हातात आहेत.

(दार पुन्हा उघडतं.)

नर्स : भूल देणाऱ्या बाईंनी कानाशी जाऊन म्हटलं. पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा म्हटलं, तशी कपाळाला आठी घातली.

आई : आठीचं राहू द्या. पाय?

नर्स : सरकवले. दोन्ही. डावा जरा उशिरा, पण सरकवला. तिला परत झोपवलंय. डॉक्टर पुढच्या कामाला लागलेत.

मामा : ऐकलंस? दोन्ही! अगं, आता रडतेस काय? आता तरी बस.

आई : मग पाय सरकव. बसू दे मला.