बसवनगुडीतलं पांढरं अस्वल

हॅलो? … कोण, अनुषा? आईचा फोन घेतलायस होय… बोल, पुट्टी. … काय? … खोटं? कोण म्हणतं खोटं?

अगं, बनशंकरीदेवीची शपथ, तुझ्या गळ्याची शपथ, शब्द न् शब्द खरा आहे. बर्फाच्या लादीतून पांढरं अस्वल निघालं ते माझ्या डोळ्यांदेखत. हो, हो… इथंच, बसवनगुडीत, गुंडूअण्णाच्या सोड्याच्या दुकानात. माझा सख्खा थोरला भाऊ तो. मी तेव्हा तुझ्याएवढी होते.

रडू नकोस. आधी नाक पूस… फ्रॉकला नको, रुमाल घे. … हं. आता सांग. … तू वर्गात गोष्ट सांगितलीस… बरं… आणि तो रणजीत हसला. … म्हणाला, तुझी आजी थापाडी. … मग तू? … बाटली? पाण्याची? … स्टीलची होती?

अरे देवा. दात पडला? … दुधाचा ना? … मग तो पडणारच होता. … रक्त किती आलं? … नाही गं, सहज विचारलं. … सॉरी म्हणालीस ना? … शहाणी. दात पाडला की सॉरी म्हणायचं.

मग आता काय राहिलं? … पवित्रा मिस काय म्हणाल्या? … थांब, हळू सांग. … उद्या वर्गासमोर उभं राहून गोष्टीतलं काय खोटं ते सांगायचं. … निदान एक तरी. … नाहीतर अ‍ॅन्युअल डेला तुझी गोष्ट नाही? स्टेजवर तुझ्याऐवजी रणजीत? तो बोळका?

इल्ला. मुळीच नाही. एक धागा ओढला की सगळं उसवतं. काढायचं काय त्यातून?

मिसना खटकलं तरी काय? … पांढरं अस्वल उत्तरेकडच्या बर्फात राहतं. बरोबर. … पेंग्विन दक्षिणेकडच्या. तेही बरोबर. … दोघं कधी भेटत नाहीत. अगं ऐक ना… म्हणूनच तर मारामारी झाली. ओळख असती तर चहा नसता का प्यायले? … कसे आले म्हणजे? अस्वलाची लादी आली यशवंतपूरहून. ते आपल्या बंगळूरच्या उत्तरेला. पेंग्विनची आली जयनगरहून. ते दक्षिणेला. अण्णा दोन्हीकडून बर्फ घ्यायचा. भूगोलात कुठं चूक आहे, दाखव.

… सांगते ना, पुन्हा सांगते. अण्णानं लादी फोडायला लोखंडी सळई हाणली, ती गेली अस्वलाच्या कानात. ते जागं झालं. अंगावरचा भुसा झटकला आणि पहिल्याच पंजात अण्णाची पाठ फाडली, मानेपासून कमरेपर्यंत, सदरा फाटावा तशी. … तेवढ्यात दुसरी लादी तडकली. पेंग्विन उडी मारून थेट अस्वलाच्या तोंडावर. चोच मारली ती डोळा घेऊनच बाहेर आली. … डोळा? लिंबांच्या टोपलीत पडला. सरबत लाल झालं, एक गिऱ्हाईक कोकम समजून प्यायलं.

… हो, मग अस्वलानं त्याचा पंख उपटला, मुळा उपटावा तसा. बाटल्या फुटत होत्या, सोड्याच्या गोट्या बंदुकीसारख्या सुटत होत्या. एक बसली अस्वलाच्या तोंडावर, पुढचे सगळे दात खाली. … हो, रणजीतसारखं. हसलीस ना? हस.

… पेंग्विन मेला, पुट्टी. … हो, मेलाच. अस्वलानं त्याचं डोकं चावून थुंकलं. … दात नव्हते, दाढा होत्या ना. … नाही, जिवंत करणार नाही. मेला तर मेला.

… बरोबर, मग गल्लीतली कुत्री. अस्वलाच्या पोटाला लोंबकळली, केळीच्या घडासारखी. अण्णानं बाटल्यांचा क्रेट त्याच्या डोक्यात फोडला, त्यानं अण्णाचा खांदा निखळवला, दोघंही आडवे. मग ऑटो आली. ऑटोवाल्यानं मीटर टाकला, दोघांना एकाच सीटवर कोंबलं आणि म्हणाला, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, जरा सरकून घ्या. दवाखान्याच्या वाटेवर मागे दोघं एकमेकांचा गळा दाबतायत. … आणि वाटेतच अस्वल गेलं. अण्णाच्या मांडीवर डोकं टेकून. … अण्णा रडला गं. फाटक्या पाठीनं रडला.

यात खोटं काय आहे, तूच सांग. … मिसना म्हणावं, माझ्या आजीला फोन… काय? …

… म्हणजे? काहीच खोटं नाही म्हणून सांगणार? … स्टेज गेलं तरी? … रणजीत उभा राहिला तरी?

…

नाही, आहे मी. फोन चालू आहे. … डोळ्यात काही नाही गेलं, गप्प बस. थांब जरा, विचार करू दे.

अस्वल… नाही, अस्वल काढता येणार नाही. पेंग्विन तर बिचारा मेलाय. डोळा मी स्वतः टोपलीतून उचलला…

हं. ऐक. उद्या ताठ उभी राहा आणि सांग, एक गोष्ट आजीनं मनानं घातली होती. … हो, मी कबूल करते. मिसना ऐकताक्षणी पटेल. त्या बंगळूरच्याच ना? … शाळेत ऑटोनंच येतात? मग झालं.

ऑटोवाल्यानं मीटर टाकला नव्हता.

… तेवढंच गं. बाकी सगळं खरं. सरी, बरं तर, ठेव आता.