सूनबाईच्या खुर्चीत मी

त्या दिवशी नांदेडात आभाळ भरून आलेलं, वारा बंद, लई उकडत होतं. सूनबाई तापानं पडलेली आणि तिच्या प्राध्यापक संघटनेची बैठक. भावकीच्या बैठकीला घरटी एक माणूस लागतो, तसा मीच जाऊन तिच्या खुर्चीत बसलो.

अध्यक्ष म्हणाले, "बाबा, तुम्हाला मत देता येणार नाही."

"नको. जागा रिकामी नको, म्हणून आलो."

"तिचं म्हणणं काय आहे?"

"ते न्हाई माहीत. दोन कॉलेजांत तासावर शिकवती, मधी पळती. डबा रोज तसाच परत येतो."

कोणी हसलं न्हाई. तासावरच्या मास्तरांचा विषय नेहमी शेवटी राहायचा, तो अध्यक्षांनी पहिला घेतला.

आमच्या घराशेजारचे सर बी त्याच संघटनेतले. गाडीवर घरी सोडताना म्हणाले, "काका, सूनबाई बरी झाली तरी पुढच्या बैठकीला तुम्हीबी या."