पुलाचा खर्च मुलीकडच्यांनी

हसू नका, पण आमच्या गावचा पूल माझ्या टाळ्यांमुळं महाग पडला.

निलंग्याकडं नदीच्या अल्याड आम्ही, पल्याड कर्नाटक. पल्याडची पोरं लातूरच्या क्लासला जायला होडीनं येऊन आमच्याकडं एसटी धरायची, आमची माणसं तिकडं कामाला जायची. शेवटी पायी जायपुरता पूल वर्गणीतून बांधायचं ठरलं अन् दोन्ही गावं बैठकीला बसली.

पल्याडचे सिद्रामप्पा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "निम्मे निम्मे."

आमचे सरपंच उसळले. "निम्मे कसे, अप्पा? तुमच्या वीस लेकी आमच्या सुना हायत. लग्नात खर्च मुलीकडचे करतात का न्हाई? मंग पूलबी तुम्हीच बांधा."

आम्ही टाळ्या वाजवल्या. मी जरा जास्तच.

घरी आलो तर बायको पिशवी भरत होती.

"कुठं?"

"माहेरी. पूल होईस्तोवर."

वीसच्या वीस सुना होडीत बसल्या. सरपंचाची बायको सगळ्यात पुढं.

तीन दिवस करपलेल्या भाकरी खाल्ल्या. चौथ्या दिवशी आम्ही सगळे पल्याड गेलो. सरपंच हात जोडून म्हणाले, "निम्मे कबूल, अप्पा. लेकी पाठवा."

सासरे हसले. "आता तुम्ही न्यायला आलाव. न्यायला येणाराच तिकीट काढतो का न्हाई?"

पूल झाला, सगळा आमच्या पैशानं. आता बायकोला रुसून जायला होडीचीबी वाट बघावी लागत न्हाई.