उद्याच्या डब्यातलं चीज

चीजच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक काका होते.

"ताई, सँडविचसाठी इटालियन चीज द्या. साधंच सँडविच आहे, ब्रेड आणि टोमॅटो."

"गरम खाणार की गार?"

"गारच. डब्यात द्यायचंय. मी परवा रिटायर झालो, बायकोची नोकरी अजून आहे. उद्यापासून डबा माझ्याकडे."

"मग ताजं मोझरेला नको, पाणी सुटून ब्रेडचा लगदा होईल. या गोरगोंझोलाचा वास घेऊन बघा."

"अहो, ऑफिसात तिच्या शेजारी कोणी बसणार नाही."

"मग प्रोव्होलोन घ्या, नाहीतर फोंटिना. पहिलं जिभेला जरा झोंबतं, दुसरं लोण्यासारखं मऊ. काकूंना कसं आवडतं?"

"आठवतोय, थांबा. मला ब्रेडच्या कडा आवडत नाहीत, हे तिला लग्नानंतर आठवड्याभरात कळलं होतं."

"तुम्ही सांगितलं होतं?"

"छे. डबा उघडून बघायची, काय परत आलंय ते."

"मग फोन करून विचारा ना त्यांना."

"बत्तीस वर्षांनी? कुठल्या तोंडाने विचारू? दोन्हींच्या दोन-दोन चकत्या द्या. संध्याकाळी डबा मीच उघडणार आहे."